रक्ताचे थेंब आणि पोटात राहिलेला वृषण

प्रश्न असा आहे: "पुण्यात राहतो. वर्षापूर्वी रस्त्यावरचा एक गावठी कुत्रा घरी आणला. वय साधारण चार वर्षं, वजन वीस किलो. तीन आठवडे त्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडतायत. लघवीचा संसर्ग म्हणून गोळ्या झाल्या, फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कातडी मागे सारली तर आत फ्लॉवरसारखी गाठ निघाली. कॅन्सर आहे पण बरा होतो, असं ते म्हणाले. खरंच होतो का? घरात पाच वर्षांची मुलगी आहे, तिला काही धोका? शिवाय कुत्र्याचा एकच वृषण खाली आहे. आणि गावी, माण तालुक्यात, वडिलांच्या खिल्लार खोंडाच्या इंद्रियावर चामखिळीसारखं काही वाढलंय. तोही हाच आजार असेल म्हणून वडील त्याला विकायला निघालेत."

ज्या गाठीने तुमची झोप उडवली आहे, ती बरी होणाऱ्यातली आहे. उलट 'शिवाय' म्हणून तुम्ही एका ओळीत उरकलेला तो न उतरलेला वृषण मला जास्त खटकला. खोंडाचं दुखणं या दोन्हींहून निराळं आहे. वडिलांना आजच फोन करा आणि बाजार थांबवायला सांगा.

आधी कुत्रा. गावठी नर, मोकळा फिरलेला, आणि लघवी करत नसतानाही फरशीवर रक्त टिपकतंय, एवढं ऐकलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर). संभोगातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारी ही गाठ. रक्त लघवीत मिसळून येतं की लघवी नसतानाही गळतं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. मिसळून येत असेल तर मूत्राशय, खडा, मूत्रपिंड बघायचं. नुसतं टिपकत असेल तर टीव्हीटी, जखम किंवा प्रोस्टेट. गोचीड तापात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पडल्या तरी असं रक्त येऊ शकतं, म्हणून रक्ताची तपासणी दोन्हीकडे लागतेच.

गाठ बघायची तर कातडी पूर्ण मागे जायला हवी. कुत्र्याच्या इंद्रियाच्या मुळाशी एक फुगीर भाग असतो, गाठ बहुतेक वेळा त्याच्या आडोशाला असते. नुसतं टोक बघितलं तर सगळं ठीक वाटतं. तुमच्या पहिल्या डॉक्टरांवर मी रागावणार नाही, कारण नोकरीच्या सुरुवातीला मीही हेच केलंय. एका वस्तीवरचा राखणीचा कुत्रा होता, भयंकर चावरा. कातडी मागे सारायचं मी टाळलं आणि तीन आठवडे प्रतिजैविकं दिली. शेवटी मालकाने स्वतःच तोंड बांधून धरला, तेव्हा आत लिंबाएवढी गाठ. मालक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हापासून रक्त टिपकणारा नर समोर आला की कातडी पूर्ण मागे सारल्याशिवाय मी कागदावर काही लिहीत नाही.

नजरेने नव्वद टक्के कळतं, पण तेवढ्यावर थांबू नये. गाठीवर काचपट्टी हलकेच दाबून उचलायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गोल गोल पेशी आणि त्यांच्या आत मोत्यांच्या माळेसारखे रिकामे फुगे दिसले की निदान पक्कं. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांनी स्लाइड केली का, विचारा. केली नसेल तर पहिल्या इंजेक्शनाआधी करून घ्या, कारण औषधानंतर चित्र बदलतं.

आता ही गाठ म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एरवी कर्करोग म्हणजे स्वतःच्याच पेशींचं बंड. टीव्हीटी तशी नाही. तुमच्या कुत्र्याच्या गाठीतल्या पेशी तुमच्या कुत्र्याच्या नाहीतच. जिच्याशी तो जुळला त्या कुत्रीच्या अंगावरून त्या जिवंत पेशी आल्या, तिला दुसऱ्या कुत्र्याकडून, त्याला आणखी कुणाकडून. १८७६ साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्याने अशा गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात लावून ती तिथे वाढते हे दाखवलं. पुढे गुणसूत्रं मोजली गेली. कुत्र्याच्या पेशीत ७८ असतात, या गाठीच्या पेशीत ५७ ते ६४. जगात कुठल्याही देशातली टीव्हीटी घ्या, मूळ एकच कुत्रा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार तो मूळ कुत्रा सुमारे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला. तो केव्हाच मेला, त्याची गाठ मात्र अजून जिवंत आहे. इतकी वर्षं ही गाठ बघतोय, तरी हे आठवलं की हात क्षणभर थांबतो.

म्हणजे आजार पसरायला जिवंत पेशी सोललेल्या नाजूक त्वचेवर रुजाव्या लागतात. कुत्री-कुत्रा जोडीत बराच वेळ अडकून राहतात, त्यात त्वचा खरचटते आणि पेशींना जागा मिळते. दोन ते सहा महिन्यांत गाठ दिसू लागते. हुंगण्या-चाटण्यातून ती नाकात आणि तोंडातही जाते. त्यामुळे एका नाकपुडीतून रक्त येणारा गावठी कुत्रा आला तरी आम्ही खाली वाकून बघतो. माणसाच्या शरीरात या पेशी रुजत नाहीत. तुमच्या मुलीला या गाठीपासून धोका नाही. तुमच्याकडे दुसरा कुत्रा असेल तर मात्र या दोघांना महिना-दोन महिने वेगळं ठेवा.

उपचार म्हणजे व्हिन्क्रिस्टीन. हे औषध मूळचं सदाफुलीतलं, आपल्या कुंडीतल्या त्या गुलाबी-पांढऱ्या सदाफुलीतलं. हे सांगितलं की हमखास कुणीतरी पाला वाटून पाजतो, म्हणून लगेच पुढचंही सांगतो: पाल्यात औषधाचं प्रमाण अत्यल्प, त्याबरोबरची इतर विषारी द्रव्यं भरपूर. कुत्रा बरा होणार नाही, उलट्या करून आडवा होईल.

आठवड्यातून एकदा शिरेतून इंजेक्शन. साधारण मात्रा किलोला ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या वीस किलोच्या कुत्र्याला अर्धा मिलिग्रॅम. चार ते सहा आठवडे लागतात, क्वचित आठ. दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबतं, आणि इथेच निम्मे मालक यायचे बंद होतात. 'बरा झाला की, डॉक्टर.' डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरही एक-दोन मात्रा पुढे न्यायच्या असतात, नाहीतर मुळाशी राहिलेल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतात. पूर्ण कोर्स केलेल्या कुत्र्यांत दहातले नऊ कायमचे बरे होतात. उरलेल्यांसाठी डॉक्सोरुबिसिन आहे, पण ते हृदयाला जड, बघूनच वापरावं लागतं.

दोन गोष्टींवर डोळा ठेवा. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस कुजतं. म्हणून शिरेत नळी लावून, सलाइन सोडून, नळी नीट बसलीय याची खात्री करूनच ते देतात. कुत्रा धरायला माणूस नसेल तर त्या दिवशी देऊ नका म्हणून सांगा. दुसरं, दर वेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी ४,०००च्या खाली असतील तर इंजेक्शन तीन-चार दिवस पुढे ढकलतात, पुढची मात्रा थोडी कमीही करतात. तुमचा गावठी आहे म्हणून प्रश्न नाही, पण कोली जातीच्या आणि त्यांच्या संकराच्या काही कुत्र्यांना हे औषध जन्मतःच सोसत नाही. औषधाचा अंश काही दिवस लघवी-विष्ठेतून जातो. मुलीबद्दल काळजी घ्यायची ती इथे: इंजेक्शननंतर चार-पाच दिवस तिला त्याच्या लघवीपासून दूर ठेवा, साफसफाई हातमोजे घालून करा, घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम नको.

'कापून टाकता येणार नाही का?' हाही प्रश्न ठरलेला. मोठी गाठ कापली तर रक्त फार जातं आणि थोडी राहिली की परत येते. मी कापतो ती फक्त लटकणारी, लघवी अडवणारी गाठ, आणि मग इंजेक्शनं चालूच.

आता खोंड. तो दीड-दोन वर्षांचा, अजून न ठेचलेला, म्हणजे खच्ची न केलेला, आणि इतर खोंडांबरोबर सोडलेला असणार. वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण ही वाढ याच वयात होते. इंद्रियाच्या टोकाजवळ गुलाबी, मांसल, कधी देठ असलेली, घासली की रक्त येणारी. ही खरोखर चामखीळच आहे. गोवंशातल्या पॅपिलोमा विषाणूची, बहुधा पहिल्या प्रकाराची. एकमेकांवर चढताना खरचटलेल्या जागेतून विषाणू शिरतो. माणसाला हा विषाणू लागत नाही. टीव्हीटीशी याचा काडीचा संबंध नाही, कुत्र्याकडून खोंडाला किंवा खोंडाकडून कुत्र्याला काही गेलेलं नाही. ती सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही आणि काही महिन्यांत आपोआप वाळूनही जाते. मग काढायची कशाला? मोठी असेल तर इंद्रिय आत जात नाही, सुजतं, माशा बसतात, आणि गाय लावताना दुखलं की खोंड पुढे चढायलाच कचरतो. खिल्लाराचा वळू म्हणून ठेवायचा असेल तर हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा.

काढायचं काम फार मोठं नाही. भूल द्यायची, इंद्रिय बाहेर काढून धरायचं, देठाशी कापायचं, रक्तवाहिनी बांधायची. जोखीम एकच, मूत्रनलिका. ती अगदी टोकाशी असते आणि चामखीळ कधीकधी तिला चिकटलेली असते, म्हणून आधी आत नळी घालावी. नंतर तीन-चार आठवडे त्याला वेगळा बांधा आणि महिन्याने पुन्हा बघा, कारण काही वेळा ती परत येते. आली तरी दुसऱ्यांदा काढता येते.

गावाकडे एक उपाय हमखास सुचवला जाईल: घोड्याच्या शेपटीचा केस बांधायचा. माणसाच्या मानेवरच्या बारीक चामखिळीला लोक बांधतात, झडतेही. खोंडाच्या इंद्रियावर ते करू देऊ नका. उलट, खोंडं एकमेकांवर चढताना पाठीवरचे केस आपोआप इंद्रियाभोवती गुंडाळले जातात, त्याचं कडं बनतं आणि ते हळूहळू आत रुतत मूत्रनलिकेपर्यंत कापत जातं. चामखीळ म्हणून बोलावलं आणि बघतो तर आत केसांचं कडं, असं मी दोनदा पाहिलंय. तेव्हा डॉक्टर बघत असतील तर वडिलांनी हेही आठवणीने बघायला सांगावं.

इतर जनावरांत हे प्रकार कमी. घोड्यात मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेणारे आमच्याकडे येतात आणि पोटाखाली वाकून कुणी बघितलेलं नसतं. वयस्क, विशेषतः खच्ची केलेल्या आणि त्या भागाची कातडी गुलाबी असलेल्या घोड्यांत इंद्रियाला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो. घोड्यांतल्या पॅपिलोमाच्या एका प्रकाराशी त्याचा संबंध आढळला आहे. सुरुवातीला तो खवल्यासारखा पांढुरका चट्टा असतो, तेव्हा गोठवून मारता येतो किंवा मलम चालतं. फुलकोबीसारखा झाल्यावर इंद्रियाचा भाग कापावा लागतो आणि जांघेतल्या गाठी तपासाव्या लागतात. तिथे माश्यांनी आणलेल्या जंताच्या अळ्यांचं व्रणही होतं आणि ते हुबेहूब कॅन्सरसारखं दिसतं. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय घोड्याचं इंद्रिय कुणी कापायला निघालं तर थांबवा. तुकडा पाठवायचा तो दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात. स्पिरिटमध्ये, मिठाच्या पाण्यात, एकदा तर देशी दारूत बुडवून आलेला तुकडा मी पाहिला आहे. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत, त्यांच्याकडे विचारा.

बोकड-मेंढ्याचा एक वृषण सुजला तर गाठीआधी ब्रुसेलोसिस या जिवाणूंच्या आजाराचा विचार करा. गाठ त्यांच्यात क्वचित, तो आजार मात्र माणसाला होतो. हातमोजे घाला. मांजरात वृषणाची गाठ मी कारकिर्दीत एकदाच पाहिली.

आता तो वृषण. पिल्लाचे दोन्ही वृषण जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत पिशवीत उतरतात. सहा महिन्यांनंतर उतरत नाहीत. तुमचा चार वर्षांचा आहे, म्हणजे वाट बघायचा प्रश्न संपला. एक तर तो जांघेत कातडीखाली आहे, नाहीतर पोटात. बहुतेक वेळा उजवा राहतो. कुत्रे विकणारे काही जण सांगतात की हार्मोनची इंजेक्शनं देऊन खाली आणू. उतरत तर नाहीच, आणि चुकून उतरला तरी हा दोष पिल्लांत जातो, त्यामुळे त्या कुत्र्याची पैदास घेणं चूकच.

पोटात राहिलेला वृषण शरीराच्या उष्णतेत असतो. त्याला शुक्राणू बनवता येत नाहीत, हार्मोन मात्र बनवता येतात. तिथे गाठ होण्याची शक्यता खाली उतरलेल्यापेक्षा दहापटीहून जास्त धरली जाते. तीन जातींच्या गाठी वृषणात होतात. नर-हार्मोन बनवणाऱ्या लायडिग पेशींची गाठ सहसा उतरलेल्या वृषणात, छोटी, म्हाताऱ्या कुत्र्यात, बरेचदा दुसऱ्याच कारणाने सापडलेली. सेमिनोमा, म्हणजे शुक्राणू बनवणाऱ्या पेशींची गाठ, थोडी मोठी, बहुधा संथ. आणि शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींची गाठ, जी पोटातल्या वृषणात आवडीने होते आणि इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन ओतत राहते.

त्याचं काय होतं ते सांगतो. नर कुत्र्याची स्तनाग्रं मोठी होतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच झडतात, खाज नसताना. इंद्रियावरची कातडी लोंबते, तिच्या खालून लालसर रेघ दिसते. गल्लीतले नर त्याच्या मागे लागतात. मालक त्वचेचा आजार समजून शांपू बदलत राहतात, आणि आमच्यातलेही काही जण थायरॉइडची तपासणी करत बसतात. एका पॉमेरेनियनच्या मालकीणबाई सांगत होत्या, 'डॉक्टर, आमचा राजा आता राणी झालाय.' हसून सांगत होत्या. मी हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक. पोटावर टाचणीएवढे लाल ठिपके. इतकं इस्ट्रोजेन हाडांच्या मगजाला जाळतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही बनणं थांबतं. गाठ पोटातच होती, पसरलेली नव्हती, काढलीही. पण मगज परत आला नाही. सोळाव्या दिवशी कुत्रा गेला. गाठ लवकर निघाली की दोन-तीन महिन्यांत केस परत येतात, स्तनाग्रं बसतात. मगज जळून गेल्यावर मात्र शस्त्रक्रिया कितीही सुबक झाली तरी उपयोग होत नाही.

शिवाय असा वृषण पोटात स्वतःभोवती पिळतोही. मग अचानक पोट दुखतं, उलट्या, कुत्रा उठत नाही. मालकांना वृषणाची शंका येणंच शक्य नसतं, कारण बाहेरून तिथे काहीच नसतं.

हे वाचून लगेच सगळ्या नरांची नसबंदी म्हणजे सगळ्या आजारांवरचा इलाज असं समजू नका. वृषण नसले की वृषणाची गाठ नाही, हे उघड आहे. गुदद्वाराभोवतीच्या ग्रंथींच्या गाठीही बऱ्याच कमी होतात, कारण त्या नर-हार्मोनवर पोसतात. वयपरत्वे वाढणारं साधं प्रोस्टेटही नसबंदीने आक्रसतं. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र नसबंदी केलेल्या कुत्र्यांनाही होतो, आणि म्हणूनच खच्ची केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रोस्टेट मोठं लागलं तर मी तो कर्करोगच धरून चालतो. शौचाला कुंथणं, चपटी फितीसारखी विष्ठा, पुढे मागच्या पायात कमजोरी, कारण तो कमरेच्या मणक्यांत उतरतो. त्यावर फार काही करता येत नाही. वृषणाच्या पिशवीच्या कातडीवर लहानशी, खाजणारी, कमी-जास्त होणारी गुठळी दिसली तर तीही 'किडा चावला' म्हणून सोडू नका, मास्ट सेल गाठ, म्हणजे त्वचेतला एक कर्करोग, तिथे वाईट वागते.

तर तुमच्या कुत्र्यासाठी क्रम असा. या आठवड्यात स्लाइड, सीबीसी आणि पोटाची सोनोग्राफी एकत्र करा. सोनोग्राफीवाल्यांना 'मूत्राशय बघा' एवढंच सांगू नका, न उतरलेला वृषण शोधायचाय असं लिहून न्या. मूत्राशय आणि मूत्रपिंड यांच्या दरम्यान कुठेही तो सापडू शकतो. जांघेत हाताने आधी चाचपून घ्यायला सांगा. तो वाटाण्याएवढा, साधा असेल तर आधी व्हिन्क्रिस्टीनचा कोर्स पुरा करा, मग दोन-तीन आठवडे थांबून, रक्तपेशी वर आल्यावर शस्त्रक्रिया. मोठा, गुठळ्यांचा असेल किंवा प्लेटलेट आधीच कमी असतील तर क्रम उलटेल. तो निर्णय सोनोग्राफी आणि सीबीसी समोर ठेवून तुमच्या डॉक्टरांनीच घ्यावा.

शस्त्रक्रियेत दोन्ही वृषण निघायला हवेत. कधीकधी फक्त खालचा काढून 'नसबंदी झाली' म्हणून घरी पाठवतात, आणि पोटातला तसाच मागे राहतो. दत्तक आलेल्या कुत्र्यांत हे मी बऱ्याचदा पाहिलंय, बाहेरून काही कळायला मार्ग नसतो. तेव्हा शुद्धीवर येईपर्यंत बाहेर थांबा, ट्रे दाखवायला सांगा आणि दोन मोजा. लहान, मऊसर असेल तो पोटातला. तो फेकू देऊ नका, फॉर्मलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवा.